ब्लू-रेची वाट राहू दे, आधी गहाण सोनं घरी आणा

बेळगावच्या शहापूरमधल्या एका स्टुडिओवाल्यांचं चार पानी पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत. वय ३९, घरी आई, पत्नी आणि आठवीतली मुलगी. लग्नं, बारशी, वास्तुशांत यांचं शूटिंग करतात. खानापूर, हुक्केरी, पलीकडे चंदगडपर्यंतच्या ऑर्डरी असतात. खर्च वजा जाता महिन्याला सरासरी पंचेचाळीस हजार सुटतात. जुना लॅपटॉप दीड वर्षापूर्वी बंद पडला. नवा घ्यायचाय, पण त्यात हाय-डेफिनिशन डिस्क लिहिणारा, म्हणजे ब्लू-रे ड्राइव्ह आतच बसवलेला हवा. कारण हल्ली जो तो फोर-के मागतो आणि ते डीव्हीडीत मावत नाही. असा लॅपटॉप बेळगावात कुठे मिळत नाही. एका दुकानदाराने सांगितलं, ‘थांबा की ओ, वर्षभरात येतंय मॉडेल.’ म्हणून हे थांबलेत. तोवर एडिटिंगचं काम कोल्हापूरच्या एका लॅबला जातंय. प्रश्न एवढाच: अजून थांबू, की मिळतो तो घेऊ?

हा प्रश्न पहिल्या पानावर संपतो. पुढची तीन पानं त्यांनी ‘पैशांची व्यवस्था अशी आहे, काळजी नसावी’ एवढ्यासाठी लिहिलीत आणि सोबत तीन झेरॉक्स आणि विमा पॉलिसीच्या तक्त्याचं एक पान जोडलंय. मला काळजी वाटली ती त्या झेरॉक्स बघूनच. पण विचारलंय त्याचं उत्तर आधी देतो, ते लवकर आटोपतं.

थांबू नका. ते मॉडेल येत नाही.

लॅपटॉपात हाय-डेफिनिशन ड्राइव्ह बसवायचा जमाना येऊन गेला. २००६ साली सोनीने वायोच्या एआर मालिकेत ब्लू-रे दिला आणि त्याच वर्षी तोशिबाने क्वॉस्मिओत एचडी डीव्हीडी. दोघांचाही लेसर निळसर-जांभळा, पण एकाची डिस्क दुसऱ्यात चालत नव्हती. ब्लू-रेत एका थरावर २५ जीबी, एचडी डीव्हीडीत १५. तेव्हा ‘थांबू का’ हा प्रश्न खरोखर शहाणपणाचा होता आणि जे थांबले त्यांचे पैसे वाचले. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स ही सिनेमा कंपनी ब्लू-रेच्या बाजूला गेली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडीचा गाशा गुंडाळला. ज्यांनी हौसेने तो महागडा लॅपटॉप घेतला होता, त्यांच्या हातात नव्या डिस्क न मिळणारा ड्राइव्ह राहिला.

पण जिंकलेल्या ब्लू-रेलाही लॅपटॉपात फार दिवस मिळाले नाहीत. त्याच जानेवारीत ॲपलने मॅकबुक एअर आणला, त्यात कुठलाच डिस्क ड्राइव्ह नव्हता. ब्लू-रे तर ॲपलने आपल्या एकाही मशीनमध्ये कधी बसवला नाही. हळूहळू बाकीच्यांनीही ड्राइव्ह काढले. याला साधं कारण आहे. लॅपटॉपसाठी बनवलेला बारीक ड्राइव्हसुद्धा साडेनऊ मिलिमीटर जाडीचा असतो आणि आजचा अख्खा लॅपटॉप सतरा-अठरा मिलिमीटरचा. ती जागा कंपन्या बॅटरीला देतात, कारण गिऱ्हाईक बॅटरी विचारतं, ड्राइव्ह कोणी विचारत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणंही बंद केलं. ज्या कंपनीने हे सगळं उभं केलं तिनेच कोऱ्या डिस्क सोडल्या, आणि तुमचा दुकानदार मॉडेल येतंय म्हणतो. त्याच्याकडे जुना माल पडून असेल, किंवा त्याला ‘नाही’ म्हणायची सवय नसेल.

आणि समजा आलं. तुमच्या कामाला ते पुरतं का, हा हिशोब केलात? तुम्ही लिहिता, कॅमेरा १०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटवर चालतो. म्हणजे तासाला ४५ जीबी. लग्नाला दोन कॅमेरे, सहा-सहा तास: १२ तासांचे ५४० जीबी. २५ जीबीच्या बावीस डिस्क, एका लग्नाला! त्या जाळत बसायला तुमच्याकडे माणूस आहे का? दहा-अकरा हजारांच्या चार टीबी हार्ड डिस्कवर अशी सात लग्नं बसतात. गिऱ्हाइकाला द्यायची तयार फिल्म ही वेगळी गोष्ट, ती वीस-तीस जीबीत येते. पण ती डिस्कवर दिली तर ते बघणार कशावर? खानापूरच्या किती घरांत ब्लू-रे प्लेअर आहे? टीव्हीला मागे यूएसबीचं भोक मात्र सगळ्यांच्या आहे. साडेचारशे-पाचशेचा ६४ जीबी पेन ड्राइव्ह द्या, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून, म्हणजे चार जीबीवरची फाइल अडकत नाही. वर नवरा-नवरीचं नाव छापलेली डबी द्या. लोकांना डबीच आवडते.

एवढं करूनही एखादा हौशी पाहुणा पुण्याहून येईल आणि ब्लू-रेच पाहिजे म्हणेल. त्याच्यासाठी बाहेरून जोडायचा रायटर दहा-बारा हजारांत मिळतो. तोही आत्ता घेऊ नका. तिघांनी आगाऊ पैसे देऊन मागितला तर घ्या. आणि हेही लक्षात घ्या की ड्राइव्ह जोडला म्हणून विंडोज आपणहून ब्लू-रे सिनेमा लावत नाही, त्याला वेगळं विकतचं सॉफ्टवेअर लागतं. फोर-के ब्लू-रे सिनेमासाठी प्रोसेसरमध्ये जी सोय लागायची, ती इंटेलने नव्या पिढ्यांतून काढून टाकलीय. म्हणजे लॅपटॉप जितका नवा, तितकं हे जमणं अवघड. वाट बघून तुम्ही उलट्या दिशेने चाललाय.

आता थांबण्याची किंमत. पत्रात आहे तसं: दीड वर्षात पस्तीस ऑर्डरी कोल्हापूरला, दर ऑर्डरीला पाच हजार. पावणेदोन लाख रुपये. लॅपटॉप असता तर सगळं काम तुम्हीच केलं असतं असं मी म्हणत नाही, सीझनमध्ये माणसाला झोपही लागते. निम्मं धरा. ऐंशी-नव्वद हजार! तुम्हाला पाहिजे तसा, १६ जीबी रॅम आणि ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप याच किमतीच्या आसपास येतो. वाट बघण्यात तुम्ही एक लॅपटॉप कोल्हापूरला देऊन बसलात. वर हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायची आणि मध्येच सीमेवर वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बसगाड्या थांबायच्या, नवरीकडच्यांचे फोन तुम्हाला. आणखी थांबून भाव उतरतील ही आशाही सोडा. मेमरी चिपचे भाव २०२५ च्या अखेरीपासून चढेच आहेत.

झालं. तुळशीची लग्नं लागायच्या आधी लॅपटॉप टेबलावर पाहिजे. आता त्या झेरॉक्सकडे येतो.

तुम्ही अभिमानाने लिहिलंय: ‘रोजची चारशेची पिग्मी कधी चुकवली नाही. लॅपटॉपचे पैसे त्यातून तयार आहेत, एक लाख तीस हजार.’ शिस्तीबद्दल शंका नाही. पिग्मी, म्हणजे दारात येऊन रोज गोळा केली जाणारी बचत, ही आपल्या भागाची जुनी सवय. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने ती सुरू केली तेव्हा विणकर, छोटे दुकानदार यांच्या दारात जाऊन दोन-दोन आणे गोळा करायचे. ज्याची मिळकत रोजची आहे त्याने रोज बाजूला टाकावं, यात चूक काहीच नाही.

मग चौथ्या पानावर, शेवटून तिसऱ्या ओळीत एक वाक्य येतं: ‘कॅमेऱ्यासाठी घेतलेलं तीन लाखांचं सोनेतारण आहे, पण त्याचं व्याज दरवर्षी वेळेवर भरतो, त्याचा त्रास नाही.’

त्रास नाही?

तुमच्या तीन झेरॉक्स मी शेजारी-शेजारी ठेवल्या. पहिली सोनेतारणाची पावती: दोन पाटल्या, एक गंठण, तीन लाख रुपये, दर १३ टक्के. पाठीमागे तीन शिक्के, ‘व्याज भरून नूतनीकरण’, तीन वर्षांचे तीन. दुसरी दामदुप्पट ठेवीची पावती: अडीच लाख, ९६ महिन्यांत पाच लाख. तिसरी पिग्मीच्या पासबुकाचं शेवटचं पान. तिन्हींवर शिक्का त्याच सोसायटीचा आणि पहिल्या दोन पावत्यांवर सही एकाच माणसाची, निळ्या शाईत, खाली तीच तिरकी रेघ. त्या माणसाने एकाच टेबलावर बसून तुमच्याकडून नऊ टक्क्यांनी पैसे घेतले आणि तुम्हाला तेरा टक्क्यांनी दिले. तुमच्या उजव्या खिशातले पैसे काढून डाव्या खिशाला व्याजाने दिले आणि मधले चार टक्के सोसायटीने ठेवून घेतले.

आकडे बघा. तीन लाखांवर १३ टक्के, वर्षाला ३९ हजार. तीन वर्षांत एक लाख सतरा हजार गेले आणि मुद्दल तीन लाखांचे तीन लाख. दामदुप्पट आठ वर्षांत म्हणजे दर साधारण नऊ टक्के. ‘दुप्पट’ हा शब्द मोठा वाटतो, म्हणून तो पावतीवर ठळक छापतात आणि दर बारीक. पिग्मीला मिळतात चार टक्के. तेही पूर्ण रकमेवर नव्हे, पैसे वर्षभर थोडे थोडे जमतात, म्हणून सरासरी पासष्ट हजारांवर. वर्षाला सव्वीसशे रुपये. एकीकडे सव्वीसशे आले म्हणून समाधान, दुसरीकडे एकोणचाळीस हजार गेले त्याचा त्रास नाही.

हेच चारशे रुपये रोज पहिल्या दिवसापासून त्या सोनेतारणात भरले असते, आणि व्याजाचे जे ३९ हजार एरवी भरताच आहात तेही, तर तीन लाखांचं कर्ज दोन वर्षांत संपलं असतं. म्हणजे एक वर्षापूर्वी पाटल्या घरी.

तुम्ही लिहिलंय की पिग्मीवाले काका म्हणतात, ‘सोन्याचा भाव वाढलाय, त्याच दागिन्यांवर आणखी लाख मिळेल. लॅपटॉप त्यातून घ्या, पिग्मी मोडू नका.’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. भाव वाढलाय हे खरं. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला आणि पुढेही चढला. पण दागिन्याची किंमत वाढली म्हणून कर्ज वाढवायचं? भाव वाढला याचा तुमच्यासाठी अर्थ इतकाच की तीन लाखांसाठी तुम्ही आता कितीतरी जास्त किमतीचं सोनं दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवलंय. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पावसात छत्री धरून चारशे रुपये न्यायला येतात, घरच्या आजारपणात विचारपूस करतात. पण पिग्मी चालू राहिली तर त्यांचं कमिशन चालू राहतं, ठेव आणली तर सोसायटीत त्यांचा मान वाढतो, आणि तिसरी गोष्ट म्हणजे तुमची विमा पॉलिसीही त्यांनीच विकलीय. तुमचं कर्ज फिटण्यात त्यांना काही मिळत नाही. त्यामुळे तो सल्ला त्यांच्याकडून कधी येणारच नव्हता.

काय करायचं ते सांगतो. दामदुप्पट मुदतीआधी मोडा. पावतीच्या मागच्या नियमात दोन टक्के कमी व्याज लिहिलंय, म्हणजे नवाऐवजी सात. ठेवीला अडीच वर्षं झालीत. नवाने आज तिचे तीन लाख दहा हजार झाले असते, साताने दोन लाख शहाण्णव हजार मिळतील. चौदा हजारांचं नुकसान, आणि हे नुकसान बघूनच लोक थांबतात. पण तीन लाखांवरचा चार टक्क्यांचा फरक वर्षाला बारा हजार आहे. चौदा महिन्यांत नुकसान भरून निघतं, पुढची चार वर्षं फायदाच. मोडा.

सोनेतारणाला शेवटच्या नूतनीकरणानंतर चार महिने झालेत, त्याचं व्याज तेरा हजार. म्हणजे द्यायचे तीन लाख तेरा. ठेवीतून दोन शहाण्णव, उरलेले सतरा हजार पिग्मीतून. पिग्मीचं वर्ष पुढच्या महिन्यात भरतंय, तोवर थांबा म्हणजे कपात नाही. हे थांबणं मात्र पटण्यासारखं आहे. तेवढ्या एका महिन्याचं सव्वातीन हजार व्याज आणखी वाढेल, ते पिग्मीतूनच द्या. मग पिग्मीत उरतात एक लाख नऊ-दहा हजार. नव्वदच्या आतला लॅपटॉप घेतला तरी पंधरा-वीस हजार हातात राहतात. थोडे आहेत, हे मान्य. पण त्या दिवसापासून तुमच्या डोक्यावर एक रुपया कर्ज नाही.

जायच्या आधी सोसायटीकडून दोन आकडे लेखी घ्या: आज ठेव मोडली तर नेमके किती मिळतील, आणि आज कर्ज बंद केलं तर नेमके किती भरायचे. तोंडी आकडा घेऊन घरी येऊ नका. दागिने परत घेताना पावतीवरच्या वजनाशी तिथेच, काट्यावर जुळवा. लाजायचं काय त्यात.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही आणि लिहिलीही नाही, पण झेरॉक्सवरच्या शिक्क्यातून कळली. तुमची सगळी पुंजी ज्या ठिकाणी आहे ती बँक नाही. मल्टी-स्टेट सहकारी पतसंस्था आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाख झाली आणि सहकारी बँकांनाही ती लागू आहे. पतसंस्थेला ती लागू नाही. मग ती मल्टी-स्टेट असो, सौहार्द असो की साधी. आपल्या गल्ल्यागल्ल्यांत काउंटर, काच, टोकन, गणवेशातला शिपाई असं सगळं बँकेसारखंच असतं, म्हणून माणूस फरक करत नाही. नावात ‘बँक’ शब्द आहे का, एवढं बघा. नसला तर पैसे बुडाल्यावर तुमच्या मदतीला सरकारी विमा येणार नाही.

तुमची सोसायटी वाईट आहे असं माझ्याकडे काहीच नाही. कित्येक पतसंस्था चोख चालतात आणि जिथे बँकेचा मॅनेजर शहापूरच्या मागवाल्याला उभं करत नव्हता तिथे त्यांनीच कर्जं दिली. पण ठेवीवर बँकेपेक्षा दोन-अडीच टक्के जास्त देणाऱ्याला ते पैसे कुठूनतरी जास्त दराने वसूल करावे लागतात, आणि वसूल झाले नाहीत तर काय, हा प्रश्न ठेवीदाराने विचारायचा असतो. वार्षिक सभेला तुम्ही जाता, स्टीलचा डबा घेऊन येता. पुढच्या वेळी डब्यासोबत अहवाल मिळतो तोही उघडा. थकबाकीचं पान शोधा.

यापुढची रोजची बचत सुरू ठेवाच, पण ठिकाण बदला. चारशे रुपये रोज म्हणजे महिन्याला अकरा हजारांच्या आसपास, आणि व्याजाचे वाचलेले सव्वातीन हजार. चौदा हजार. राष्ट्रीयीकृत बँकेत आवर्ती ठेव काढा, खात्यातून आपोआप जाऊ दे. पिग्मीची मजा ही की माणूस दारात येतो म्हणून पैसे जातात, ते मी जाणतो. रोख हातात राहिली की खर्च होते, अशी भीती वाटत असेल तर दर सोमवारी स्टुडिओ उघडण्याआधी आठवड्याचे पैसे बँकेत भरून या, किंवा गिऱ्हाइकाकडून क्यूआर कोडवरच घ्या म्हणजे ते आधीच खात्यात असतात. सहा महिन्यांत पंच्याऐंशी हजार जमतील. ते अडीअडचणीसाठी, त्याला हात लावायचा नाही, कॅमेऱ्याची नवी लेन्स आली तरी. ते जमल्यावर पुढचं बोलू.

आता पॉलिसी. वर्षाला पन्नास हजार, दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी साडेआठ लाख. दोन हप्ते गेलेत. ‘पैसे जवळजवळ दुप्पट’ असं सांगून विकलीय. पाचाचे साडेआठ म्हणजे दुप्पट नव्हे, पण ते सोडा. कंपनीच्या लाभ-तक्त्यात दोन स्तंभ असतात, एक ४ टक्के परतावा गृहीत धरून, एक ८ टक्के. तुम्हाला दाखवला तो आठवाला. चारच्या स्तंभात त्याच पॉलिसीचे सहा लाख लिहिलेत, तुम्हीच पाठवलेल्या पानावर, उजवीकडे पेन्सिलने खूण नसलेल्या बाजूला. आणि गंमत म्हणजे कंपनीने आठ टक्के कमावले तरी तुमच्या हातात पडतो तो दर पाच टक्क्यांच्या आसपास. मधले तीन टक्के खर्चात आणि कमिशनमध्ये. चारवाला स्तंभ खरा ठरला तर पावणेदोन टक्के. हेच पन्नास हजार दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून पंधराव्या वर्षापर्यंत ठेवले असते तर आजच्या ७.१ टक्क्याने साडेदहा लाख होतात. त्यासाठी छत्री घेऊन कोणी दारात येत नाही, एवढाच दोष.

शिवाय विमा किती? पाच लाख. तुम्हाला काही झालं तर तुमच्या घराला पंचेचाळीस हजारांच्या हिशोबाने अकरा महिने पुरतील. म्हणजे हा धड विमाही नाही आणि धड बचतही नाही.

पण ती लगेच सोडूही नका. आधी साधा टर्म इन्शुरन्स घ्या, पंचाहत्तर लाखांचा, साठाव्या वर्षापर्यंत. तुमच्या वयाला वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास लागतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढा दिलासा. तंबाखू मळत असाल तर अर्जात स्पष्ट लिहा, हप्ता बराच वाढेल, वाढू दे. निपाणीच्या बाजूला लोक ‘कधीतरी’ लिहितात आणि नंतर बायकोला कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं. टर्म पॉलिसीचा कागद हातात पडला की जुन्या कंपनीला लेखी विचारा: आज बंद केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर पंधराव्या वर्षी किती. ते दोन आकडे मला पाठवा. माझा कल पेड-अपकडे आहे. तिसरा हप्ता जानेवारीत आहे, म्हणजे वेळ आहे.

आणि पत्नीच्या नावाने ‘तशीच दुसरी’ काढायचा विचार आहे म्हणता, तो आजच सोडून द्या. पाटल्या सोडवून देणार आहात, तेवढं पुरे त्यांना.

राहिली एक गोष्ट, ती तुमच्या कपाटातली. दहा-बारा वर्षांतल्या लग्नांच्या सहाशे डीव्हीडी, एकेकच प्रत, लोखंडी कपाटात, पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला लागून. तुम्ही त्या ब्लू-रेवर चढवायच्या म्हणता. नको. अडीच हजारांत बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर मिळतो. मदतनीस पोराला रोज दहा डिस्क हार्ड डिस्कवर उतरवायला सांगा, दोन महिन्यांत कपाट रिकामं. एक डीव्हीडी ४.७ जीबीची, सहाशेच्या सहाशे भरल्या तरी तीन टीबीच्या आत. दोन हार्ड डिस्कवर दोन प्रती ठेवा, एक स्टुडिओत, एक घरी. काही डिस्क वाचल्या जाणार नाहीत, ते आता कळलेलं बरं. मग जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲप करा: तुमच्या लग्नाची डीव्हीडी आता कुठे चालत नसेल, पेन ड्राइव्हवर हवी का, नऊशे रुपये. पेन ड्राइव्हचे पाचशे गेले तर चारशे सुटतात. शंभर जण आले तरी चाळीस हजार. सहाशेतले पाचशे येतील असं मात्र धरू नका आणि त्या पैशांच्या भरवशावर लेन्स बुक करू नका.